समलिंगी विवाह : प्रश्न धर्माचा की सरकारी नोंदीचा?

समलिंगी विवाहाचा विषय निघाला की 'आमच्या धर्मात हे बसत नाही' हे वाक्य हमखास येतं. पण भारतात लग्न म्हणजे धार्मिक संस्कारही असतो आणि कायदेशीर नातंही. हिंदू विवाह कायद्यात तर दोन्ही जोडलेली आहेत. सप्तपदीचा विधी असेल, तर सातवं पाऊल टाकल्यावर लग्न कायद्यानेही पूर्ण होतं.

धार्मिक विधीशिवाय लग्न होतं का?

होतं. त्यासाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. १८७२ च्या मूळ कायद्यात लग्नाआधी 'मी हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन वगैरे कोणताच धर्म मानत नाही' असं जाहीर करावं लागायचं. आता ती अट नाही. धर्म कोणताही असो, ३० दिवसांची नोटीस देऊन विवाह अधिकाऱ्यासमोर लग्न करता येतं. मात्र वयाची अट 'पुरुष २१, स्त्री १८' अशी आहे. समलिंगी जोडपी अडतात ती इथे.

सुप्रीम कोर्ट काय म्हणालं?

२०१८ मध्ये कोर्टाने समलिंगी संबंध गुन्ह्याच्या व्याख्येतून बाहेर काढले. पुढे लग्नाच्या मान्यतेसाठी याचिका आल्या. धर्मांच्या वैयक्तिक कायद्यांत शिरणार नाही, असं कोर्टाने २०२३ च्या सुनावणीतच सांगितलं. तरीही जमियत उलेमा-ए-हिंदने विरोध केला. हा विषय संसदेचा आहे, अशी केंद्र सरकारची भूमिका होती.

१७ ऑक्टोबर २०२३ ला निकाल आला. लग्न हा मूलभूत अधिकार नाही आणि कायदा बदलणं संसदेचं काम आहे, यावर पाचही न्यायाधीशांचं एकमत झालं. लग्नाऐवजी जोडीदार म्हणून कायदेशीर मान्यता मिळावी का, यावर मात्र ३ विरुद्ध २ अशी फूट पडली. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड अल्पमतात होते. जानेवारी २०२५ मध्ये पुनर्विचार याचिकाही फेटाळल्या गेल्या.

मान्यता दिली तर धर्मगुरूंवर सक्ती होते का?

कॅनडाने २००५ च्या कायद्यातच लिहिलं, की श्रद्धेत बसत नसेल तर धर्मगुरू असं लग्न लावायला नकार देऊ शकतात. इंग्लंडमध्येही २०१३ च्या कायद्याने चर्चवर सक्ती केलेली नाही.

नोंद नसल्याने काय अडतं?

मृत्युपत्र नसेल, तर जोडीदाराला वारसा मिळत नाही. मूल दोघांच्या नावाने दत्तक घेता येत नाही. संयुक्त बँक खातं आणि नॉमिनी यांवर बंधन नाही, हे केंद्राने २०२४ मध्ये स्पष्ट केलं. बाकीचे हक्क संसदेच्या निर्णयावर अवलंबून आहेत.