वैलावरची कोंबडी

इगतपुरीच्या घाटात आषाढाचा पाऊस कोसळू लागला की नाशिक जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत एकच बेत शिजतो. श्रावण तोंडावर आलेला असतो, त्यात सामिष बंद. त्याआधी आखाड साजरा व्हायलाच हवा. काळ्या मसाल्याचा गावरान कोंबडीचा रस्सा, त्यात बटाट्याच्या मोठ्या फोडी आणि सोबत भाकरी. पेठ-सुरगाण्याकडे ती नागलीची, येवला-मालेगावकडे बाजरीची. रामकुंड आणि काळाराम मंदिराच्या नाशिकची ओळख सांगताना हा रस्सा सहसा कुणाच्या तोंडी येत नाही. पण जिल्ह्याच्या खाण्याचा इतिहास पंचवटीच्या घाटांवर जितका आहे, तितकाच तो चुलींपाशीही आहे.

त्यातही चुलीच्या एका दुर्लक्षित भागापाशी. मातीच्या चुलीला शेजारी चिकटून एक दुसरं तोंड असतं, त्याला वैल म्हणतात. वैलात लाकूड घालत नाहीत. मुख्य चुलीतला जाळ आणि गरम धूर आतल्या भोकातून तिकडे सरकतो आणि तेवढ्या उष्णतेवर भांडं निवांत धुमसत राहतं. चुलीवर भाकऱ्या होत असताना वैलावर डाळ, कधी आंघोळीचं पाणी, कधी हाडामासाचं कालवण. लाकूड एकाच चुलीचं, स्वयंपाक दोन भांड्यांचा. सरपण डोक्यावरून आणावं लागत होतं, त्या काळात ही बचत किती मोलाची होती हे मोळी वाहणाऱ्या बाईलाच ठाऊक. स्वयंपाक आटोपला की जाळ ओढून घ्यायचा आणि निखारे भांड्याखाली सारायचे. बाई शेतावर जाऊन येई, भांडं आपलं काम करत राही. मंद आचेचा स्वयंपाक रिकाम्या वेळेतून जन्मला असं अनेकांना वाटतं. खरं तर तो कामाच्या रगाड्यातून जन्मला.

गावरान कोंबडीला ही आच हवीच असते. वर्ष-दीड वर्ष अंगणात उकिरडा उकरत हिंडलेल्या कोंबडीचं मांस घट्ट असतं, स्नायूंना जोडणारे धागे चिवट असतात. मोठ्या जाळावर ते आणखी आवळतात. मंद आचेवर, ओलाव्यात, तास-दोन तास राहिले तरच ते विरघळतात आणि रश्श्याला अंगचा दाटपणा येतो. म्हणून तुकड्यांना हळद, मीठ, आलं-लसूण चोळून थोड्या कांद्यावर परततात आणि पातेल्यावर खोलगट ताटली ठेवून तिच्यात पाणी ओततात. वरच्या पाण्यामुळे ताटली तुलनेनं थंड राहते, आतली वाफ तिला लागून थेंबाथेंबानं परत मांसावर पडते. कोंबडी अंगच्याच पाण्यात शिजू लागते. ताटलीतलं पाणी कढत झालं की तेच आत सोडायचं, म्हणजे शिजत्या मांसाला गार पाण्याचा झटका बसत नाही. या टप्प्यावरचं पिवळसर अळणी पाणी वाटीत काढून आधी लहान मुलांना आणि आजाऱ्याला देतात. मसाला त्यानंतर. निखाऱ्यात भाजलेला कांदा आणि सुकं खोबरं पाट्यावर वाटून तेलात परतलं, त्यात काळा मसाला पडला आणि सगळं एकत्र झालं की बटाट्याच्या फोडी सोडायच्या आणि वर तर्री येईपर्यंत वाट पाहायची.

बटाट्याबाबत जुन्या हातांची एक सक्त ताकीद असते: आंबट आधी घालायचं नाही. चिंच किंवा टोमॅटो लवकर पडला तर फोड तासभर उकळूनही आत टणक राहते. बटाट्याच्या पेशींना जोडून ठेवणारं द्रव्य आंबटात सहज सुटत नाही, हे त्यामागचं शास्त्र. स्वयंपाकघरानं ते फोड दाबून दाबून ओळखलं होतं.

भांड्याची गोष्ट नाशिकच्या बाजारात जाते. १८८३ साली निघालेल्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटिअरनं इथल्या तांब्या-पितळेच्या कामाची दखल घेतली आहे. शहरातली तांबट आळी आणि भांडी बाजार ही नावं त्याच व्यवसायाची. तांबटानं ठोकून घडवलेल्या पातेल्याचा तळ जाड असे आणि तांबं-पितळ उष्णता झटकन सगळीकडे पसरवतं, त्यामुळे एका जागी करपण्याची भीती कमी. पण अशा भांड्यात आंबट पदार्थ कळकतो. म्हणून दारावर कल्हईवाला यायचा. भात्यानं निखारे फुलवायचा, भांडं तापवून नवसागराची पूड टाकायचा, पांढऱ्या धुराचा लोट उठला की कथलाचा तुकडा टेकवून कापसाच्या बोळ्यानं सर्रकन आतून फिरवायचा. काळवंडलेलं पातेलं क्षणात चांदीसारखं उजळायचं. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. रस्सा आहे तोवर भांडं शंभराच्या आसपासच राहतं. कोरडं पातेलं भडक जाळावर राहिलं तर मात्र कल्हई उतरते. मंद आच मांसाला मानवते तशी ती कल्हईलाही मानवते. अॅल्युमिनियम आणि स्टील आलं, कल्हईवाल्याची हाळी विरळ झाली, तरी भांडी बाजारातल्या दुकानांपुढे आजही पितळी पातेली रचलेली दिसतात.

या रश्श्यातला बटाटा मात्र पाहुणा. तो आणि मिरची दोघंही अमेरिका खंडातून पोर्तुगीज जहाजांच्या काळात इकडे आले. मिरची लगेच घरची झाली, बटाट्याला वेळ लागला. एकोणिसाव्या शतकात महाबळेश्वरला कैदेत ठेवलेल्या चिनी कैद्यांनी तिथे बटाट्यासह विलायती भाज्या पिकवल्या, आणि पुढे पुणे जिल्ह्यातल्या खेड, जुन्नर, आंबेगावच्या पट्ट्यात हे पीक स्थिरावलं. आंबेगाव तालुक्यातलं सातगाव पठार तर पावसाळी बटाट्यासाठी प्रसिद्धच आहे. मंचरची बाजारपेठ पुणे-नाशिक रस्त्यावरची, त्यामुळे नाशिककरांना हा बटाटा शेजारचाच. नाशिकची स्वतःची मिरास कांद्याची, लासलगावच्या बाजारातली. कांद्यानं रश्श्याला रंग आणि गोडवा दिला; बटाट्यानं रस्सा पुरवठ्याला आणला. एक कोंबडी आणि जेवायला दहा माणसं, हे गणित बटाट्यानं सोडवलं. हाच बटाटा एकादशीच्या ताटातही बसला, ही त्याची खरी कमाल.

नाशिकपासून हाकेच्या अंतरावर देवळालीत १८६१ साली ब्रिटिशांनी लष्करी छावणी वसवली. मायदेशी परतणारे गोरे शिपाई बोटीची वाट पाहत तिथे महिनोन्‌महिने अडकून पडत. मांस आणि बटाटे एकत्र रटरटवलेला स्ट्यू हा त्यांच्या सैन्याचा नेहमीचा आहार. देवळालीच्या हवेसाठी पारशी कुटुंबंही येऊ लागली, त्यांची आरोग्यभवनं उभी राहिली. त्यांच्या सल्ली मर्घीत कोंबडीवर बटाट्याच्या तळलेल्या कुरकुरीत काड्या पसरतात. पपेटा मा गोशमध्ये बटाटा मटणाबरोबर शिजतो. अशा रीतीनं एकाच परिसरात तीन वेगळी पातेली एकाच जोडीभोवती शिजत होती. रश्श्यातल्या बटाट्याचं श्रेय त्यासाठी छावणीला द्यायची गरज नाही. दहा माणसांचं गणित तेवढ्याला पुरेसं आहे.

शहरात चूल गेली तेव्हा वैलाची जागा भुशाच्या शेगडीनं घेतली. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी करायची, भोवती लाकडाचा भुसा ठासून भरायचा, बाटली अलगद काढून घ्यायची आणि खालच्या तोंडातून पेटवायचं. भुसा आतून बाहेर सावकाश जळत जाई आणि शेगडी तासन्‌तास चाले. त्याआधीच, १९१० मध्ये, बंगालच्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी इकमिक कुकर तयार केला होता: खाली कोळसा, वर एकावर एक डबे, सगळं वाफेवर. महाराष्ट्रातही तो एकट्यादुकट्या माणसांचा सोबती झाला. नाशिक रोडला १९२५ च्या सुमारास सिक्युरिटी प्रेस सुरू झाला आणि १९२८ मध्ये नोटांचा छापखाना. घड्याळाच्या काट्यावर चालणारी घरं वाढली. १९५९ पासून भारतीय बनावटीचे प्रेशर कुकर आले आणि तासांचा हिशेब शिट्ट्यांवर आला. शिट्टीनं बायकांचा वेळ वाचवला, हे मोठं काम झालं. तरी कुकरमधला रस्सा आणि वैलावरचा रस्सा शेजारी ठेवले तर फरक जिभेला लगेच कळतो: कुकरमध्ये पाणी आटत नाही, त्यामुळे चव एकवटत नाही.

विजेच्या स्लो कुकरचं मूळही अशाच एका पातेल्यात आहे. शिकागोच्या आयर्विंग नॅक्सन यांना १९४० मध्ये त्याचं पेटंट मिळालं. शब्बाथच्या दिवशी ज्यूंना विस्तव पेटवायची मनाई. म्हणून लिथुआनियातल्या त्यांच्या आईच्या गावी शुक्रवारी संध्याकाळी मांस, कडधान्य आणि कंदांचं भांडं बेकरीच्या निवत्या भट्टीत ठेवत आणि शनिवारी गरम गरम जेवत. आईची ही आठवण नॅक्सन यांच्या यंत्रामागे होती. १९७१ पासून ते यंत्र ‘क्रॉक-पॉट’ नावानं अमेरिकाभर खपलं. महाराष्ट्राला शब्बाथचा हा नेम परका नाही. कोकणातले बेने इस्रायली ज्यू तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी तो बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत.

आता नाशिकच्या फ्लॅटमध्येही हा विजेचा कुकर दिसू लागला आहे. अडचण कोंबडीची आहे. बाजारातला ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांचा, कोवळा. आठ तास ठेवला तर त्याचा लगदा होतो, आणि बटाटा तेवढ्यात जेमतेम मऊ पडतो, कारण बटाट्याला मांसापेक्षा जास्त उष्णता लागते. म्हणून फोडी तळाशी, कोंबडी वर, आणि काळ्या मसाल्याचं वाटण आधी कढईत तेल सुटेपर्यंत परतलेलं. महामार्गावरच्या ढाब्यांनी ‘चुलीवरची कोंबडी’च्या पाट्या लावल्या आहेत, गिऱ्हाईकही भरपूर आहे. चुलीच्या धुरानं मात्र कित्येक पिढ्यांच्या बायकांचे डोळे आणि फुप्फुसं खाल्ली. तो धूर परत यायला नको. पुण्याच्या आरती संस्थेनं उसाच्या पाचटापासून कांडी कोळसा केला, त्यासाठी तिला २००२ मध्ये अॅश्डेन पुरस्कार मिळाला, आणि त्याच कोळशावर चालणारा सराई कुकरही काढला. मूठभर कांड्यांवर, घर काळं न करता, त्यात एका कुटुंबाचं जेवण शिजतं: एका डब्यात भात, एका डब्यात डाळ आणि तिसऱ्यात आखाडाची कोंबडी, बटाट्यासकट.