रोडगे, टर्की आणि न दिलेली पावती

दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात मी लेकीकडे अमेरिकेत होतो. तिथला 'थँक्सगिव्हिंग'चा सण आला. आमचे जावईबापू पहाटे पाचलाच स्वयंपाकघरात उभे! चार दिवसांपासून फ्रीजमध्ये एक भलामोठा पक्षी ठेवलेला होता, टर्की. बर्फासारखा गोठलेला हा पक्षी मऊ व्हायला दर दोन किलोमागे एक दिवस लागतो. आदल्या दिवशी त्याला मीठ चोळून ठेवलं होतं. आता चार तास ओव्हनमध्ये.

मी माळकरी घरातला, मांसमच्छीला शिवत नाही. म्हणून खुर्ची जरा लांबच ओढून बसलो. पण मास्तरकी अंगात मुरलेली, विचारल्याशिवाय राहवतंय थोडंच! जावई म्हणाले, "बाबा, छातीचं मांस लवकर शिजून कोरडं पडतं आणि मांडीचं कच्चं राहतं. आच मोठी केली की वरून करपलं, आतून लाल." मांडीत काटा खुपसून ७४ अंश झाले का ते बघायचं. बाहेर काढल्यावर अर्धा तास नुसतं ठेवायचं. लगेच कापलं तर सगळा रस ताटात वाहून जातो.

ऐकता ऐकता मला आमचे रोडगे आठवले. मेहकरकडचे आम्ही. थंडीत, नवस फेडायला म्हणून किंवा सहज म्हणून, वावरातल्या मारुतीपाशी रोडग्याचं जेवण व्हायचं. जाडसर दळलेली कणीक, त्यात ओवा, मीठ, तेलाचं मोहन. कणकेच्या पाऱ्या तेल लावून एकात एक गुंडाळायच्या आणि गोळा वळायचा. गोवऱ्यांचा ढीग पेटवायचा, पण जाळावर रोडगा टाकायचा नाही. जाळ बसू द्यायचा, निखारे होऊ द्यायचे. मग त्यात रोडगे पुरून वरून गरम राख ओढायची. घाई करणाऱ्याचा रोडगा वरून कोळसा आणि आतून कच्ची कणीक! भाजले की फडक्यात घोळून राख झाडायची, फोडून तूप ओतायचं. सोबत वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी.

इतिहासाचा मास्तर, त्यामुळे मन लगेच मागं धावलं. रोडगा आपल्याकडे किती जुना? संत एकनाथांच्या (१५३३-१५९९) भारुडात भवानीला रोडग्याचा नवस बोललेला आहे. म्हणजे सव्वाचारशे वर्षांहून जुना तर नक्कीच. पण सोबतची भाजी? वांगं आपलं, पण मिरची मूळची अमेरिकेची. ती पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आपल्याकडे आली. भाजीतल्या कुटाचे शेंगदाणेही मूळचे तिकडचेच. मिरची येण्याआधी तिखट म्हणजे मिरी आणि पिंपळी.

टर्कीही त्याच वाटेनं आली. १६१२ मध्ये मुकर्रबखानानं गोव्याहून काही नवलाईचे पक्षी जहांगीर बादशहासाठी आणले. त्यात टर्की होती. रंग बदलणारं तिचं डोकं-मान पाहून बादशहा इतका चकित झाला की त्यानं आत्मचरित्रात तिचं वर्णन लिहून ठेवलं आणि उस्ताद मन्सूरकडून चित्र काढून घेतलं. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. त्या साली आपल्या सिंदखेडराजाच्या जिजाऊ चौदा वर्षांच्या होत्या. तेव्हा खुर्ची लांब ओढून बसलेल्या मला कळलं, की ज्या मुलखातला हा पक्षी, त्याच मुलखाची मिरची मी जन्मभर मिटक्या मारत खात आलोय. असो. खुर्ची थोडी पुढं घेतली.

लेकीनं मग सणाचा इतिहास काढून दाखवला. १६२१ मध्ये प्लिमथला पहिलं पीक हाती आलं तेव्हा इंग्रज वसाहतवाल्यांनी तीन दिवस मेजवानी केली. वाम्पानोआग जमातीचे ९० पुरुष आले, त्यांनी पाच हरणं आणली. जमिनी पुढं त्यांच्याच गेल्या. म्हणून त्यांच्यातले काही जण १९७० पासून हा दिवस तिथं शोकदिन म्हणून पाळतात. त्या मेजवानीचं वर्णन एडवर्ड विन्स्लोच्या पत्रात आहे. चार माणसं पक्षी मारायला गेली, हरणं कुणी आणली, सगळं आहे. रांधलं कुणी, ते मात्र नाही. पहिल्याच हिवाळ्यात निम्मी वसाहत मेली होती आणि प्रौढ बायका जेमतेम चार-पाच उरल्या होत्या. जेवायला सव्वाशेच्या वर माणसं! चुलीपाशी कोण वाकलं असेल ते सांगायला नकोच.

हा सण देशभर एकाच दिवशी व्हावा म्हणून सारा हेल या संपादिकेनं १८४६ पासून राष्ट्राध्यक्षांना पत्रं पाठवायला सुरुवात केली. सतरा वर्षांनी, १८६३ मध्ये, लिंकननं जाहीरनामा काढला.

त्या दिवशी जेवताना टेबलाभोवतीच्या प्रत्येकानं एकेक आभार मानले. सगळ्यांनी जावयांच्या टर्कीचं कौतुक केलं. माझ्यासाठी त्यांनी त्याच ओव्हनमध्ये वेगळ्या ताटलीत रोडगे भाजले होते. गोवरीचा वास नव्हता, पण जमले होते. माझी पाळी आली आणि मला एकदम बोलता येईना.

कारण आमच्याकडेही रोडगे पुरुषच भाजायचे. वर्षातला तो एक दिवस मी आगीपाशी बसायचो आणि दिवसभर कौतुक ऐकायचो, "मास्तर, काय खुसखुशीत झालेत!" त्या दिवशी बायका आधी जेवत आणि आम्ही वाढत असू. आमची ही हसून म्हणायची, "अवो, आज आम्ही पाहुण्या!" उरलेले तीनशे चौसष्ट दिवस चूल तिची. शाळेत जायच्या आधी माझा डबा, सासूबाईंचं पथ्य, पोरांचं, आल्या-गेल्याचं. तिच्या स्वयंपाकावर मी बोललो नाही असं नाही. बोललो की! "आज मीठ कमी आहे." मीठ बरोबर असलं की मी पेपर वाचायचो.

ती आजारी पडली तेव्हा मी अडुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा वरण-भात केला. वरण पातळ झालं होतं आणि मीठ टाकायलाच विसरलो होतो. माझ्या ते नंतर, स्वतः जेवताना लक्षात आलं. तिनं मात्र सगळं संपवलं होतं आणि म्हणाली होती, "चांगलं झालं."

चव्वेचाळीस वर्षं तिनं रांधलं आणि ही दोन शब्दांची पावती मी तिला दिली नाही. तिनं ती पहिल्याच दिवशी मला देऊन टाकली, तीही अळणी वरणाला. ही जाऊन आता सहा वर्षं झाली.

त्या टेबलावर मी एवढंच म्हणालो, "मला तुझ्या आईचे आभार मानायचे आहेत." लेक उठून माझ्यामागं येऊन उभी राहिली. नातवाला मराठी सगळं कळत नाही, तोही गप्प झाला.

सणाचा स्वयंपाक मोठा दिसतो, त्याचे फोटो निघतात, तो इतिहासातही जातो. रोजचं वरण कुठंच लिहिलं जात नाही, आणि माणूस जगतो मात्र त्यावरच. हल्ली मी सुनेच्या हातचं जेवतो. पहिल्या घासानंतर बोलायचं ठरवलं आहे. सुरुवातीला तिला संशय आला, म्हणाली, "बाबा, बरं आहे ना तुम्हाला?" आता सवय झाली तिला. मंडळी, तुम्हीही आज जेवताना पेपर बाजूला ठेवा, आणि दोन शब्द बोलून टाका.