पानाची पाठ : प्रस्तावना

 सुरतेच्या मंडईत भेंडी घेताना खानदेशातून आलेली आजी टोक मोडून पाहते, आणि पिवळट, निबर भेंडी नकळत बाजूला सारते. तिनं बाजूला सारलेली ती भेंडीच या विषयाचं पहिलं पान समजा.

या पिवळेपणाला मराठवाड्या-खानदेशात केवडा किंवा हळद्या म्हणतात. वाचकांनी इथं जरा जपून असावं: बाजरीच्या गोसावी रोगालाही कुणी केवडाच म्हणतं, पण त्याचं कूळ निराळं. भेंडीचा केवडा हा विषाणूचा रोग. आधी शिरा पिवळ्या पडून पानावर जाळी दिसते, मग सगळं पानच पिवळं होतं.

त्याची पहिली नोंद १९२४ साली कुलकर्णी यांनी मुंबई इलाख्यातून केली. सुरत जिल्हा तेव्हा याच इलाख्यात होता. पुढं १९४० मध्ये उप्पल, वर्मा आणि कपूर यांनी त्याचं विषाणूजन्य रूप दाखवलं. हे काम आपल्या मातीतलं, याचा अभिमान मिरवायला हरकत नाही.

हा विषाणू ज्या गटातला, त्या गटाचं नाव बेगोमोव्हायरस. कण अगदी सूक्ष्म, जुळ्या भावंडांसारखे जोडलेले. भेंडीचा हा विषाणू बियाण्यातून जात नाही, रस चोळूनही लागत नाही. त्याला वाहन लागतं ते पांढऱ्या माशीचं. नावाला माशी, नात्यानं ती माव्या-तुडतुड्यांची. जेमतेम मिलिमीटरभर. ती रोगट झाडाचा रस शोषते, विषाणू तिच्या आतड्यातून रक्तरसात आणि तिथून लाळेत उतरतो, आणि पुढच्या निरोगी झाडात लाळेबरोबर शिरतो. एकदा विषाणू अंगात भिनला की माशी बरेच दिवस तो वाटत फिरते. म्हणून हा रोग समजून घ्यायचा तर आधी माशीची दिनचर्या समजून घ्या, असं माझं मत आहे. रेणूंची भाषा नंतर शिकता येईल.

वाणांची कथाही वाचण्याजोगी आहे. पुसा सावनीनं काही काळ तग धरला, मग तीही पिवळी पडली. परभणीच्या कृषी विद्यापीठानं रानटी नातलगाशी संकर करून परभणी क्रांती दिली. कालांतरानं तिचीही प्रतिकारशक्ती उणावली. विषाणू बदलत राहतो, संशोधकांनाही त्याच्यामागं धावावं लागतं.

पुढची पानं उघडण्याआधी एक करा. सकाळी, ऊन चढायच्या आत, भेंडीचं एखादं पान हलक्या हातानं उलटून पाहा. माशी तेव्हा सुस्त असते, चटकन उडत नाही.