पारसिकचा दगड आणि नवी मुंबई : एका डोंगररांगेच्या उत्खननाचा इतिहास

प्रस्तावना

महाराष्ट्रातील खाणींचा विषय निघाला की चंद्रपूरचा कोळसा, नागपूर-भंडाऱ्याचे मँगनीज आणि रेडीचे लोहखनिज यांचा उल्लेख होतो. ठाणे खाडीच्या पूर्वेस, कळवा-मुंब्र्यापासून दक्षिणेकडे बेलापूर-खारघरपर्यंत पसरलेल्या पारसिकच्या डोंगररांगेला या यादीत सहसा स्थान मिळत नाही. वास्तविक दिघा, रबाळे, महापे, पावणे, तुर्भे, बोनसरी, शिरवणे, कुकशेत, नेरूळ, बेलापूर या गावांच्या पाठीशी उभ्या असलेल्या या डोंगराने एका संपूर्ण शहराला दगड, खडी आणि मुरूम पुरवला. तरीही त्याला खाणप्रदेश म्हणण्याची आपल्याला सवय नाही.

याचे कारण एका कायदेशीर शब्दात सापडते. १९५७ च्या खाणी व खनिजे अधिनियमाने इमारतीचा दगड, खडेरेती, साधी माती आणि साधी वाळू यांची गणना ‘गौण खनिजां’त केली आणि त्यांच्यासंबंधीचे नियम करण्याचा अधिकार कलम १५ अन्वये राज्यांकडे सोपविला. या विभागणीमागे महसुलाचा विचार होता. लोखंड, मँगनीज, कोळसा हे राष्ट्राच्या औद्योगिक धोरणाचे विषय, तर दगड-माती हा स्थानिक गरजेचा. गावकऱ्याने घराच्या जोत्यासाठी गाडीभर दगड न्यावा, एवढ्याच प्रमाणात हे खरे होते. शहरासाठी डोंगर फुटू लागला तेव्हाही शब्द तोच राहिला. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे की पारसिकच्या बाबतीत दगडाचा हिशेब ठेवला गेला, डोंगराचा मात्र कधी मांडला गेला नाही. आज पायथ्याच्या वस्तीला भोगावे लागणारे अनेक प्रश्न या न मांडलेल्या हिशेबातून उद्भवले आहेत.

डोंगराची घडण

पारसिक हा दख्खनच्या लाव्हाप्रदेशाचा पश्चिमेकडील भाग. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाप्रवाहांचे थर येथे एकावर एक बसलेले आहेत. घाटमाथ्यावर हे थर जवळजवळ आडवे दिसतात, पण पनवेलच्या पट्ट्यात ते पश्चिमेस, म्हणजे समुद्राच्या दिशेने, कललेले आहेत. भूशास्त्रज्ञ जे. बी. ऑडेन यांनी १९४९ मध्ये या रचनेकडे लक्ष वेधले. आज ती ‘पनवेल फ्लेक्सर’ या नावाने ओळखली जाते.

हा तपशील केवळ भूशास्त्राच्या विद्यार्थ्यापुरता नाही. थर ज्या बाजूला कललेले असतात त्याच बाजूने पायथा कापला, तर वरच्या थराचा आधार जातो. पावसाचे पाणी दोन थरांमधल्या मऊ, कुजलेल्या पट्ट्यात शिरते आणि वरचा कातळ सरकण्यास वाट मिळते. कठीण काळा पाषाण खडीसाठी उत्तम असतो, कुजलेल्या थराचा मुरूम भरावासाठी. या डोंगरात दोन्ही मुबलक होते. दगड मिळण्याची जागा आणि दगड लागण्याची जागा यांत जेमतेम काही किलोमीटरचे अंतर होते. ही सोय पारसिकला भोवली, असे म्हणावयास हरकत नाही.

पहिले सुरुंग

पारसिकमध्ये पहिले मोठे सुरुंग रेल्वेसाठी लागले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली गाडी धावली. १ मे १८५४ रोजी मार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. खाडी ओलांडल्यावर पारसिकचा सुळका आडवा येत होता. तो भेदण्यासाठी मुंब्र्याजवळ दोन छोटे बोगदे खणण्यात आले. भारतीय रेल्वेच्या इतिहासातील हे अगदी आरंभीचे बोगदे होत. पुढे १९१६ मध्ये सुमारे १.३ किलोमीटर लांबीचा पारसिकचा मोठा बोगदा वाहतुकीस खुला झाला आणि या डोंगराचे नाव लोकलच्या प्रवाशांच्या तोंडी बसले.

मात्र रेल्वेला डोंगराच्या पलीकडे जावयाचे होते, तिला डोंगर नको होता. डोंगरच हवा असण्याची पद्धत मुंबई बेटावर आधीपासून रूढ होती. खाडी बुजवावयाची तर जवळची टेकडी उतरवावयाची, हा तेथील जुना क्रम. १९२० च्या दशकात बॅकबेच्या भरणीसाठी कांदिवलीची टेकडी फोडण्यात आली. अंधेरीचा गिल्बर्ट हिल हा उभ्या कातळस्तंभांचा दुर्मीळ अवशेष आज भोवताली पोखरलेल्या अवस्थेत इमारतींच्या गर्दीत उभा आहे. मुंबईने स्वतःच्या टेकड्या संपवल्या आणि मग खाडीपलीकडे पाहिले.

नवे शहर आणि खाणींचे वाटप

चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये खाडीपलीकडील जुळ्या शहराची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ९५ गावांची सुमारे ३४४ चौरस किलोमीटर भूमी या प्रकल्पाच्या कक्षेत आली. त्याआधीच ठाणे-बेलापूर रस्त्यालगत औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत आकार घेत होती. १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल झाला, १९९२ मध्ये मानखुर्द-वाशी रेल्वे आली.

या आरंभीच्या आराखड्यांत डोंगराला हरित पार्श्वभूमीचे स्थान होते. प्रत्यक्षात बांधकामाला जे लागत होते ते त्याच पार्श्वभूमीतून येत होते. शहराचा मोठा भाग भातखाचरे, मिठागरे आणि खाजणांवर वसणार होता. ही जमीन उधाणाच्या भरतीपेक्षा खालच्या पातळीवर असल्याने भराव अटळ होता. रस्त्याला खडी, काँक्रीटला खडी, संरक्षक भिंतीला डबर, जोत्याला मुरूम. हे सारे दुरून आणण्याचा खर्च परवडणारा नव्हता.

येथे या इतिहासातील सर्वांत गुंतागुंतीचा भाग येतो. ज्या आगरी-कोळी कुटुंबांची शेती आणि मिठागरे संपादित झाली, त्यांना पर्यायी उपजीविका हवी होती. भूसंपादनाच्या मोबदल्यावरून संघर्ष पेटला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात, जासईच्या परिसरात झालेल्या गोळीबारांत पाच आंदोलक हुतात्मा झाले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यातून विकसित भूखंडाच्या साडेबारा टक्के योजनेचा मार्ग निघाला. त्याच व्यापक तडजोडीच्या वातावरणात डोंगरावरील खाणींचे पट्टे प्रकल्पग्रस्तांना देण्यात आले. कोणी स्वतः क्रशर उभा केला, कोणी डंपर घेतले, कोणी पट्टा दुसऱ्याला चालवावयास दिला.

म्हणून पारसिकच्या खाणींकडे केवळ ‘खाणमाफिया’ या वृत्तपत्रीय शब्दातून पाहणे अपुरे ठरते. शेत गेलेल्या माणसाच्या हाती गावामागचा डोंगर देण्यात आला आणि तो फोडून जगण्यास सांगण्यात आले. पुढे पर्यावरणाच्या नावाने खाण बंद करण्याचा आदेश आला, तेव्हा त्याला ती दुसऱ्यांदा झालेली फसवणूक वाटली असल्यास नवल नाही. अर्थात त्याच गावातील दुसऱ्या घराच्या भिंतीला सुरुंगाने तडा गेला होता आणि उंबऱ्यावर रोज धूळ बसत होती, हेही तितकेच खरे. दोन्ही तक्रारी एकाच पाड्यातून येत होत्या.

खाणीवरची माणसे

पट्टेधारक स्थानिक असला तरी दगड फोडणारे हात बहुधा बाहेरचे होते. महाराष्ट्रात दगडाचे काम परंपरेने वडार समाजाचे. त्यांत माती वडार, गाडी वडार आणि पाथरवट असे व्यवसायभेद आहेत. जाती, पाटे-वरवंटे, विहिरींचे बांधकाम हे त्यांचे जुने कसब. वासाहतिक काळात गुन्हेगार जमातींच्या कायद्याचा शिक्का ज्यांच्यावर बसला त्यांत हा समाजही होता, आणि आज तो विमुक्त जातींत मोडतो. १९७२ च्या दुष्काळात मराठवाडा आणि सोलापूरकडील असंख्य शेतकरी कुटुंबांनी दुष्काळी कामांवर खडी फोडली. दगडाशी पूर्वी संबंध नसलेल्या माणसांची घणाशी ओळख तेव्हा झाली. मुंबईकडे आलेल्या स्थलांतरितांना खाणीवरचे काम लवकर मिळे, कारण त्यासाठी ओळखपत्र वा शिक्षण कोणी विचारीत नसे.

पहार, घण, छिन्नी यांनी चालणारे काम हळूहळू ड्रिल, जिलेटीन, पोकलेन आणि क्रशर यांच्याकडे गेले. पूर्वी पुरुष मोठे दगड फोडी आणि बायका खडी काढीत. क्रशर आल्यावर बायकांचे काम प्रथम गेले, धूळ मात्र सर्वांच्या वाट्याला राहिली. झोपड्या खाणीलगतच असल्याने कामाची जागा आणि मुलांच्या खेळण्याची जागा एकच. पुणे परिसरात ‘संतुलन’ या संस्थेने खाणींवरच ‘पाषाण शाळा’ चालविल्या, हा या संदर्भातील उल्लेखनीय प्रयोग. शाळा मुलांपर्यंत नेल्याशिवाय ही मुले शाळेत येत नाहीत, हे त्यातून स्पष्ट झाले.

ब्रासचा हिशेब

दगडाचे माप ब्रासमध्ये होते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. पट्टेधारकाने काढलेल्या ब्रासवर स्वामित्वधन भरावयाचे, डंपरसोबत वाहतुकीचा परवाना ठेवावयाचा, अशी ही पद्धत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ नुसार खनिज शासनाचे असते आणि विनापरवाना उत्खननावर दंड आकारता येतो. कोकणात गौण खनिजाचा कारभार १९५५ च्या नियमांनी चालला. त्यांची जागा २०१३ च्या महाराष्ट्र नियमांनी घेतली.

या पद्धतीत मोजमाप गाडीवर होते. अखंड कातळ फुटला की त्याच्या तुकड्यांमधील पोकळ्यांमुळे आकारमान बरेच वाढते, शिवाय गाडीत नेमके किती भरले हे परवान्यावरच्या आकड्यावर अवलंबून. डोंगर किती खचला हे कळण्यासाठी डोंगरच मोजावा लागतो. उपग्रहचित्रे आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रांनी खड्ड्याचे आकारमान काढण्याची पद्धत महसूल प्रशासनात फार उशिरा आली, तोवर मूळ उतार शिल्लक नव्हता.

मोठ्या खनिजांच्या बाबतीत निदान कागदावर तरी खाण बंद करण्याचा आराखडा आवश्यक असतो. गोव्यातील लोहखाणींवर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये बंदी आणली आणि २०१४ च्या निकालात भावी पिढ्यांसाठी कायमस्वरूपी निधी उभारण्यास सांगितले. दगडाच्या खाणीला असा विचार लाभण्यास वेळ लागला. १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणातील आदेशाने वन या संज्ञेची व्याप्ती वाढविली. तथापि २००६ च्या पर्यावरणीय आघात अधिसूचनेतही पाच हेक्टरांहून लहान खाणपट्टे सुटत होते. एक मोठा डोंगर अनेक लहान पट्ट्यांत वाटला की प्रत्येक पट्टा निर्दोष ठरे. ही पळवाट दीपक कुमार विरुद्ध हरयाणा राज्य या प्रकरणात २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंद केली. त्यानंतरच्या परवानग्यांच्या चौकटीत पारसिकवरील अनेक खाणी थांबल्या.

पायथ्याचे पाणी

सीबीडी बेलापूर एका बशीत वसले आहे. मागे डोंगर, पुढे खाडी. भरतीचे पाणी आत येऊ नये आणि पावसाचे पाणी ओहोटीपर्यंत थोपवून धरावे, यासाठी सिडकोने बांध, झडपा आणि धारण तलाव यांची योजना केली. कल्पना मूळची हॉलंडची, आणि शहाणपणाची. तिचे सारे गणित मात्र डोंगरावरून पाणी कोणत्या वेगाने आणि किती गाळ घेऊन उतरते यावर अवलंबून असते. झाडोरा आणि मुरमाचे आवरण असलेला उतार पाऊस काही काळ धरून ठेवतो. उघडा, उभा कापलेला कातळ तो लगेच सोडून देतो आणि सोबत क्रशरची बारीक भुकटी, मोकळी माती खाली पाठवितो.

तलाव गाळाने भरत गेले. गाळावर कांदळवन रुजले. मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ च्या अंतरिम आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालाने कांदळवनाला संरक्षण दिले, ते योग्यच होते. परिणामी धारण तलावातील गाळ काढणे आता साधे नगरपालिकीय काम राहिलेले नाही. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एका वेळी आली की बेलापूरच्या सखल भागांत पाणी भरते, आणि चर्चा नालेसफाईची होते. नाल्याच्या वरच्या टोकाला डोंगर आहे, याचा उल्लेख त्या चर्चेत क्वचितच येतो. या डोंगराच्या पायथ्याशीच कोरिया यांनी १९८० च्या दशकात कलाग्रामची बैठी घरे उभारली. उताराशी जुळवून घेणारी ती वसाहत आणि तिच्या पाठीमागचा कापलेला कातळ हे एकाच नगरयोजनेचे दोन चेहरे आहेत.

खाणींच्या खड्ड्यांत साठलेली तळी हा आणखी एक वारसा. हिरवट, खोल आणि कठडा नसलेली ही तळी पोहणाऱ्या मुलांना ओढतात.

पारसिक थांबला तरी पद्धत थांबली नाही. विमानतळासाठी उलव्याची सुमारे ९० मीटर उंचीची टेकडी उतरविण्यात आली, तिचा दगड धावपट्टीच्या भरावात गेला, उलवे नदीचा प्रवाह वळविण्यात आला आणि दहा गावे-पाडे हलविण्यात आले. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले व २५ डिसेंबरपासून तेथून विमाने उडू लागली. येथे निदान डोंगराची मूळ उंची आणि भरावाची पातळी प्रकल्पाच्या कागदपत्रांत आहे. पारसिकसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या नकाशांवरील समोच्च रेषा आणि आजचे उपग्रहचित्र एकमेकांवर ठेवून तो हिशेब उलटा काढावा लागेल. भूगोल विभाग असलेल्या कोणत्याही महाविद्यालयाला हे काम अशक्य नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्यांपुढचे काम अधिक घाईचे आहे. महसुली दप्तरात पट्टेधारकाचे नाव असते, घण मारणाऱ्याचे नसते. १९७२ नंतर खाणीवर आलेली पिढी आज सत्तरी ओलांडून गेली आहे. तिच्यापैकी काहीजण तुर्भ्याच्या वस्त्यांत अजून भेटतात.