स्कॉटिश नक्षीदार किल्ट-मोजे : हातविणकामाचा इतिहास आणि वऱ्हाडचा संदर्भ

प्रस्तावना :
इतिहासलेखनात लढाया, तह व राज्यकर्ते यांना जेवढे स्थान मिळते तेवढे माणसाच्या अंगावरील वस्त्राला मिळत नाही. वस्तुतः कायदा, व्यापार, लष्कर आणि स्त्रियांचे श्रम या चारही गोष्टींच्या खुणा वस्त्रावर उमटलेल्या असतात. स्कॉटलंडच्या हायलँड्स या डोंगराळ प्रदेशातील पुरुष किल्टखाली गुडघ्यापर्यंत जे नक्षीदार लोकरी मोजे घालतात, त्यांच्या विणकामाचा इतिहास या दृष्टीने मांडण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. शेलूबाजार परिसरातील वाचकांस हा विषय दूरचा वाटण्याचा संभव आहे. परंतु वऱ्हाडच्या इतिहासाला वळण देणाऱ्या एका युद्धात हायलँडर पलटणी प्रत्यक्ष सहभागी होत्या, हे विसरता येत नाही.

वऱ्हाडातील हायलँडर :
आर्थर वेलस्लीच्या सैन्यात ७४वी व ७८वी या हायलँडर पलटणी होत्या. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असई (आजचा जालना जिल्हा) व २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगाव (आजचा अकोला जिल्हा) येथे त्या शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी लढल्या. १५ डिसेंबर रोजी गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेकडील भोसल्यांचा प्रदेश निजामाकडे गेला. पुढे १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला.

या सैनिकांच्या वेषाला स्वतःचा इतिहास होता. १७४५ च्या उठावानंतर ब्रिटिश संसदेने १७४६ च्या कायद्याने हायलँडच्या पुरुषांना पारंपरिक वेष घालण्यास बंदी केली. पहिल्या अपराधास सहा महिने कैद व दुसऱ्या अपराधास सात वर्षे हद्दपारी अशी शिक्षा होती. ही बंदी १७८२ मध्ये उठली. या काळात सरकारी सैन्यातील हायलँडर पलटणींना मात्र वेषाची मुभा होती. म्हणजे घरी जो वेष गुन्हा ठरला, तोच राजाच्या चाकरीत गणवेष ठरला. ७८वी पलटण १७९३ मध्ये, बंदी उठल्यानंतर अवघ्या अकरा वर्षांनी उभी राहिली. १८०९ मध्ये भरतीच्या सोयीसाठी ७४वीसह काही पलटणींचा हायलँड वेष काढून घेण्यात आला. ७८वीचा कायम राहिला.

कापडी मोज्यांपासून विणलेल्या मोज्यांपर्यंत :
मराठीत ‘विणणे’ हा एकच शब्द मागावरील कामासाठी व सुयांवरील कामासाठीही वापरला जातो. या विषयात मात्र दोन्हींतील भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. मागावर ताणा व बाणा असे दोन धागे एकमेकांस छेदतात. ते कापड फारसे ताणले जात नाही. सुयांवर एकाच धाग्याचे फासे एकमेकांत गुंफले जातात. ते विणकाम अंगासरशी बसते.

किल्टसोबतचे जुने मोजे विणलेले नव्हते. ते मागावरील चौकड्यांच्या लोकरी कापडातून कापून शिवलेले असत. कापडाला थोडा ताण मिळावा म्हणून ते तिरके कापीत. त्यामुळे सरळ चौकडी पोटरीवर तिरकी दिसे आणि शंकरपाळ्याच्या आकाराची नक्षी तयार होई. एकोणिसाव्या शतकात कापडी मोज्यांची जागा सुयांवर विणलेल्या मोज्यांनी घेतली. आता तिरक्या नक्षीची तांत्रिक गरज उरली नव्हती, तरीही विणकरांनी ती जशीच्या तशी राखली. जी गोष्ट कापडाच्या मर्यादेतून आली, तीच पुढे ओळखीची खूण झाली. लष्करात तर रंगांवरून पलटण ओळखता येई : सीफोर्थ हायलँडर्सचे मोजे तांबडे-पांढरे, गॉर्डन हायलँडर्सचे तांबडे-काळे.

विणकामाची रीत :
साधे किंवा पीळदार नक्षीचे मोजे चार-पाच दुटोकी सुयांवर गोल विणतात. शंकरपाळी नक्षी मात्र बहुधा दोन सुयांवर सपाट विणून मागे शिवण घालतात, कारण प्रत्येक रंगासाठी लोकरीचा वेगळा लहान गुंडा लागतो व रंग बदलताना भोक पडू नये म्हणून दोन्ही धाग्यांना एकमेकांभोवती पीळ द्यावा लागतो. काम वरून सुरू होते. वरची पट्टी बाहेर दुमडायची असल्याने तिची सुलट बाजू पायाच्या उलट बाजूस येईल अशी विणतात. पोटरीनंतर मागील बाजूस टाके क्रमाने कमी करून घोट्यापर्यंत आकार साधतात. मग टाच वळवून पाऊल व बोटांचा भाग पुरा होतो. पाऊल बुटात झाकले जात असल्याने ते पुष्कळदा एकरंगी असते. सैन्यात तर पाऊल नसलेल्या, केवळ पोटरीच्या मोज्यांचाही वापर झाला.

श्रम आणि विस्मरण :
अठराव्या शतकात अॅबर्डीन परिसरात व्यापारी लोकर वाटीत व स्त्रिया घरोघरी मोजे विणून देत. हा माल परदेशी जाई. सेनापतींची नावे इतिहासात राहिली. या स्त्रियांची बहुतांशी राहिली नाहीत. आपल्याकडे धनगर समाजातील घोंगडीचे उदाहरण याच जातीचे आहे. मेंढीची लोकर हाताने कातणाऱ्या स्त्रियांचे श्रम घोंगडीत दिसतात, पण कागदपत्रांत क्वचितच दिसतात.

निष्कर्ष :
१. मोज्यांवरील नक्षी मुळात तिरक्या कापणीचा परिणाम होती. तंत्र बदलल्यावरही ती परंपरा म्हणून टिकली.
२. बंदी घातलेला वेष सैन्यामुळे जिवंत राहिला. जिंकलेल्या लोकांची ओळख जपून तिचा उपयोग अन्य प्रदेश जिंकण्यासाठी करणे, हे साम्राज्याचे धोरण यातून स्पष्ट होते.
३. असई व अडगाव येथे समोरासमोर आलेल्या दोन्ही बाजूंकडे ग्रामीण, लोकर कातणारे समाज होते. स्थानिक इतिहास शिकविताना तहांच्या कलमांबरोबर या वस्तूंचाही विचार झाल्यास विद्यार्थ्यांना १८०३ चे युद्ध अधिक जवळून समजू शकेल, असे वाटते.