रूझवेल्ट यांचा आवाज

श्रोतेहो, मायक्रोफोनसमोर बसलो की मला हमखास फ्रँकलिन रूझवेल्ट आठवतात. १२ मार्च १९३३, रविवारची रात्र. अमेरिकेतल्या बँका आठवडाभर बंद होत्या. अध्यक्ष होऊन आठच दिवस झालेले रूझवेल्ट रेडिओवरून बोलले. आपण ठेवलेल्या पैशांचं बँक काय करते, इतकं साधं! उघडलेल्या बँकेतले पैसे गादीखालच्या पैशांपेक्षा सुरक्षित, असं त्यांनी समजावलं. सोमवारपासून बँका उघडू लागल्या, तेव्हा लोक रांगा लावून पैसे परत भरायला आले.

याच माणसानं फेब्रुवारी १९४२ मध्ये एका आदेशावर सही केली. जपानी वंशाची सुमारे १,२०,००० माणसं छावण्यांत गेली. त्यांतली बहुतेक अमेरिकेचीच नागरिक. रूझवेल्ट मला आवडतात, हे लपवत नाही. पण त्या रविवारी त्यांतल्या कितीजणांनी विश्वासानं रेडिओ लावला असेल!