होळकर संघ : दरबारी आश्रय आणि खेळाडूंची कारकीर्द

व्यावसायिक खेळाडूच्या कारकिर्दीत उमेदवारी, बहर आणि उतार असे तीन टप्पे पडतात. पण त्यांची लांबी केवळ शरीराच्या ताकदीवर ठरत नसून खेळाडूला पोसणाऱ्या व्यवस्थेवरही ठरते. अमेरिकेतील बेसबॉलमध्ये ब्रँच रिकी यांनी 1920च्या दशकात सेंट लुईस कार्डिनल्ससाठी दुय्यम संघांची साखळी उभी केली. तीत होतकरू मुले कमी पगारावर तयार होत, निवडक वर चढत आणि वय झालेल्यांची जागा नवे घेत. याउलट इंदूर संस्थानच्या होळकर दरबाराने विसाव्या शतकात क्रिकेटला आश्रय दिला आणि त्या आश्रयातून खेळाडूच्या आयुष्याचा निराळाच क्रम निर्माण झाला.

नागपूरचे सी. के. नायडू यांना तुकोजीराव होळकर (तिसरे) यांनी 1923 मध्ये इंदुरास आणून संस्थानच्या फौजेत कॅप्टनचा हुद्दा दिला. हुद्द्यामुळे पोटापाण्याची चिंता मिटली, शिवाय गुणी मुले हेरून घडवणारा जाणकार गावातच लाभला. इंदूरचे मुश्ताक अली किशोरवयातच नायडूंच्या नजरेस पडले. जानेवारी 1934 मध्ये एकोणिसाव्या वर्षी कलकत्त्यात ते पहिला कसोटी सामना खेळले, तेव्हा त्यांची गणना प्रामुख्याने डावखुऱ्या फिरकी गोलंदाजांत होत असे. परंतु पुढे ते सलामीचे फलंदाज झाले आणि 1936 मध्ये मँचेस्टरला त्यांनी 112 धावा केल्या, जे भारतीयाने परदेशात केलेले पहिले कसोटी शतक होय.

रणजी करंडक या प्रांत व संस्थानांच्या संघांमधील राष्ट्रीय स्पर्धेत होळकर संघ 1941-42 ते 1954-55 या चौदा हंगामांत दहा वेळा अंतिम फेरीत पोहोचला आणि चार वेळा अजिंक्य ठरला. 1944-45च्या अंतिम सामन्यात, महूच्या लष्करी छावणीत नेमणुकीवर असलेले इंग्लंडचे डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून खेळून नाबाद 249 धावा करून गेले, तरी मुंबईने बाजी मारली. पुढच्याच हंगामात होळकरांनी म्हैसूरविरुद्ध 8 बाद 912 धावांचा डोंगर रचला, ज्यात सहा फलंदाजांची शतके होती. आणि बडोद्याविरुद्धच्या अंतिम सामन्यात पन्नाशीच्या नायडूंनी 200 धावा काढल्या. छप्पन्नाव्या वर्षी मुंबईच्या दत्तू फडकरांच्या उसळत्या चेंडूने त्यांचे दात पडले, तरीही त्यांनी मैदान सोडले नाही. जिद्द त्यांची स्वतःची होती, हे खरे. मात्र उतरत्या वयातही संघात स्थान टिकणे हे, खेळाडूची किंमत दर हंगामी नव्याने न ठरवणाऱ्या व्यवस्थेमुळे सुकर झाले.

1948 मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झाले. 1954-55 नंतर रणजी स्पर्धेतून होळकर हे नावही गेले आणि आश्रयदाता म्हणून दरबाराची जागा हळूहळू रेल्वेसारख्या सरकारी नोकऱ्यांनी घेतली. 1948-49 मध्ये महाराष्ट्राकडून नाबाद 443 धावा करूनही कसोटी संघात कधीच न निवडलेले भाऊसाहेब निंबाळकर होळकरांनंतर रेल्वेकडूनही खेळले, तर नायडू 1956-57 मध्ये, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, उत्तर प्रदेशाकडून अखेरचा रणजी सामना खेळले.

उतारानंतरचा, नवे खेळाडू पारखण्याचा, चौथा टप्पा होळकर संघाच्याच चंदू सरवटे यांच्या वाटचालीत दिसतो. सोळाव्या वर्षी प्रथम श्रेणीच्या, म्हणजे अनेक दिवस चालणाऱ्या वरच्या दर्जाच्या, क्रिकेटमध्ये उतरलेले सरवटे 1967-68 पर्यंत खेळत राहिले आणि पुढे राष्ट्रीय निवड समितीवर बसून 1983च्या विश्वचषकाचा संघ निवडण्यात सहभागी झाले. नायडूंनी मुश्ताक अलींना हेरले तेव्हा ज्येष्ठाची ही पारख संस्थानच्या सेवेचाच एक भाग होती. सरवट्यांच्या काळी तिला समितीचे औपचारिक रूप आले होते.